सहाराच्या दगडांवर कोरलेला तो अजस्र रानरेडा खरंच होता का?

साल १८५०. हाइनरिश बार्थ नावाचा जर्मन संशोधक एका ब्रिटिश मोहिमेबरोबर सहारा ओलांडत होता. आजच्या लिबियातल्या फेझ्झान भागात, एका कोरड्या दरीत, त्याला खडकांवर कोरलेली चित्रं दिसली. माणसं होती, प्राणी होते, गुरं होती. बार्थ नुसतं बघून पुढे गेला नाही. त्याने एक साधी गोष्ट टिपली. या चित्रांमध्ये उंट नव्हता.

सहारात राहणाऱ्या माणसाने चित्र काढायचं आणि त्यात उंटच नाही? बार्थने यातून जो अंदाज बांधला, तो त्या काळात धाडसाचा होता. ही चित्रं काढली गेली तेव्हा इथे उंट नसावा आणि गुरं सांभाळता येतील एवढं पाणी आणि गवत असावं. म्हणजे हे वाळवंट कायम वाळवंट नव्हतं.

पुढच्या शंभरेक वर्षांत अल्जीरिया, लिबिया, नायजर, चाड या देशांत अशी हजारो चित्रं सापडली. एकट्या अल्जीरियातल्या तासिली नाज्जेरच्या पठारावर १५ हजारांहून जास्त चित्रं आहेत. १९८२ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा जाहीर केलं. हत्ती, जिराफ, गेंडा, पाणघोडा, मगर असे सगळे प्राणी तिथे दगडांवर दिसतात. यातले बहुतेक प्राणी आज सहारात दिसत नसले तरी आफ्रिकेत इतरत्र आहेत, त्यामुळे ओळखायला अडचण आली नाही.

अडचण आली ती एका प्राण्याची. अंग रेड्यासारखं, मान जाड, डोकं खाली घातलेलं. आणि शिंगं? शिंगं इतकी लांब की कोरणाऱ्याचा अंदाज चुकला असावा असं वाटावं. आफ्रिकेतल्या आजच्या कुठल्याही रानरेड्याला अशी शिंगं नाहीत.

मग हा प्राणी कोरणाऱ्याच्या डोक्यातून आला होता का?

हाडं सापडली आणि मग हिशोब जुळला

योगायोग बघा. सहारन अ‍ॅटलास पर्वतातली कोरीव चित्रं फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिली १८४७ मध्ये. बार्थने फेझ्झानची चित्रं पाहिली १८५० मध्ये. आणि १८५१ मध्ये जॉर्ज ड्युव्हर्नॉय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने उत्तर अल्जीरियातल्या सेतिफजवळ सापडलेल्या एका नामशेष रेड्याच्या जीवाश्माचं वर्णन प्रसिद्ध केलं. चित्रं एकीकडे, हाडं दुसरीकडे. दोन्ही एकाच प्राण्याची आहेत हे लक्षात यायला मात्र वेळ लागला.

ड्युव्हर्नॉयने त्याला नाव दिलं 'ब्युबॅलस अँटिक्वस'. यातलं ब्युबॅलस हे नाव मराठी वाचकाच्या अगदी जवळचं आहे, कारण आपल्या गोठ्यातली म्हैस ही शास्त्राच्या भाषेत 'ब्युबॅलस'च. त्या जीवाश्माची लांब, बाकदार शिंगं बघून ड्युव्हर्नॉयला आशियातली म्हैस आठवली. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे पंढरपुरी म्हैस ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटकन कळेल. तिची शिंगं खांद्याच्याही मागे जातात. असा प्राणी आफ्रिकेत सापडला तर कुणालाही आधी म्हैसच आठवणार.

पण हा प्राणी आपल्या म्हशीच्या घराण्यातला नव्हता. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्याला 'पेलोरोव्हिस' या गटात टाकलं. या नावाची गंमत वेगळीच आहे. १९२८ मध्ये हान्स रेक यांनी टांझानियातल्या ओल्डुवाय घळीत सापडलेल्या एका मोठ्या शिंगांच्या प्राण्याला हे नाव दिलं होतं आणि नावाचा अर्थ होतो 'अजस्र मेंढी'. प्राणी मेंढी नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आज बहुतेक संशोधक आपल्या या रेड्याला 'सिन्सेरस अँटिक्वस' म्हणतात, म्हणजे सध्याच्या आफ्रिकी रानरेड्याचा, ज्याला जंगल सफारीवाले केप बफेलो म्हणतात, त्याचा जवळचा नातेवाईक.

याच प्राण्याला दक्षिण आफ्रिकेत १८९१ मध्ये हॅरी सीली यांनी वेगळंच नाव दिलं होतं, कारण तिथेही त्याची हाडं सापडली होती. म्हणजे हा काही एका कोपऱ्यातला प्राणी नव्हता. उत्तर, पूर्व आणि दक्षिण आफ्रिका, जिथे मोकळं गवताळ रान होतं तिथे तो होता.

केवढा होता?

आजचा केप बफेलो साधारण ५०० ते ९०० किलोचा असतो आणि त्याच्या शिंगांचा विस्तार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण १ मीटर भरतं. तेवढ्यावरही सिंह त्याच्या वाटेला जाताना दहा वेळा विचार करतो.

सिन्सेरस अँटिक्वसचं वजन १२०० किलोच्या घरात असावं. काही अंदाज त्याहून बरेच वर जातात. शिंगांचा विस्तार अंदाजे २.४ मीटर, काहींच्या मते ३ मीटरपर्यंत. मुंबईतली १० बाय १० ची खोली डोळ्यांसमोर आणा. हा प्राणी मधोमध उभा राहिला तर शिंगं दोन्ही भिंतींना टेकायला आली असती.

आता इथे एक प्रश्न पडायला हवा. हाडं सापडली आहेत तर मग 'अंदाजे' कशाला? सरळ टेप लावून मोजायचं ना!

मोजता येत नाही, कारण शिंग म्हणजे नुसतं हाड नसतं. आतमध्ये हाडाचा खुंट असतो आणि त्यावर टणक आवरण असतं. हे आवरण आपल्या नखांसारख्याच पदार्थाचं, केराटिनचं, बनलेलं असतं. ज्यांच्या घरी बैल होते त्यांना ठाऊक असेल, शिंगाला मार बसला तर कधी कधी वरचं आवरण निघून येतं आणि आतला रक्ताळलेला खुंट उघडा पडतो. प्राणी मेल्यावर हाडाचा खुंट जमिनीत टिकू शकतो, त्याचा जीवाश्म होतो. केराटिन मात्र कुजून जातं. या रेड्याच्या बाबतीत नुसता एका बाजूचा खुंटच १ मीटरच्या आसपास भरतो. त्यावरचं आवरण आणखी किती लांब होतं, टोकं कुठे वळत होती, हे जीवाश्म सांगू शकत नाही.

ते सांगतं चित्र. ज्याने कोरलं त्याने तो प्राणी जिवंत बघितला होता. शिंगं आधी बाहेर जातात, मग वळतात, टोकं कुठल्या दिशेला असतात, हे सगळं दगडावर आहे. अल्जीरियातल्या एका कोरीव चित्रात दोन रेडे समोरासमोर शिंगं भिडवून उभे आहेत. नर एकमेकांशी झुंजायचे, हे कुठल्या हाडाने सांगितलं असतं?

म्हणूनच या चित्रांच्या सर्वांत जुन्या टप्प्याला या रेड्याचंच नाव मिळालं, 'बुबालाइन' काळ. ड्युव्हर्नॉयने दिलेलं चुकीचं नाव शास्त्रातून गेलं, पण इथे टिकून राहिलं.

पण हे जगले कशावर?

टनभर वजनाच्या प्राण्याला रोज ढीगभर गवत लागतं. सहारात?

होय, सहारात. साधारण ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात सहाराचा मोठा भाग हिरवा होता. नद्या वाहायच्या, तळी होती, गवताळ माळ होते. आज आक्रसलेलं चाड सरोवर तेव्हा सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर पसरलं होतं. म्हणजे आख्खा महाराष्ट्र बुडवून वर जागा उरेल एवढं.

याचं कारण पृथ्वीच्या डुलण्यात आहे. भोवरा फिरता फिरता जसा डुलतो तशी पृथ्वीही आपल्या अक्षाभोवती फिरताना डुलते, फक्त एका डुलण्याला हजारो वर्षं लागतात. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असताना. ११ हजार वर्षांपूर्वी उलट होतं. तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ यायची ती उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात. त्यामुळे उन्हाळे जास्त कडक झाले, जमीन जास्त तापली आणि समुद्रावरून येणारे मोसमी वारे खूप आत, खूप उत्तरेपर्यंत पाऊस घेऊन गेले. याच कारणाने त्या काळात भारतातला मान्सूनही आजच्यापेक्षा जोरदार होता.

मग डुलणं पुढे सरकलं आणि पाऊस मागे हटला. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकच्या तळाशी साचलेल्या गाळात सहारातून उडालेल्या धुळीचे थर आहेत. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी ही धूळ अचानक वाढलेली दिसते. सगळीकडे हा बदल एकदम झाला की हळूहळू, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत.

त्या हिरव्या सहाराचा जिवंत पुरावा अजून आहे. चाडमधल्या एन्नेडी पठारावर, चारी बाजूंनी वाळवंट असताना, गेल्ता दार्शे नावाच्या एका खडकाळ डोहात आजही मूठभर मगरी राहतात. आजूबाजूच्या नद्या गेल्या, यांचा डोह राहिला.

मग मारलं कुणी?

सरळ उत्तर हवं असेल तर ते मिळणार नाही, कारण संशयित एक नाही, तीन आहेत.

पहिला संशयित हवामान. गवत गेलं, पाणी गेलं, प्राणी गेला. ऐकायला सोपं आहे. पण अडचण अशी की याआधीही आफ्रिकेत कित्येकदा दुष्काळी काळ आले आणि गेले आणि त्यातून हा रेडा तगला होता. शेवटच्याच वेळी काय बिघडलं?

दुसरा संशयित माणूस. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर क्लासीस रिव्हर नावाच्या गुहा आहेत. तिथे या रेड्याच्या मानेचा एक मणका सापडला आणि त्यात दगडी पात्याचं टोक रुतून बसलेलं होतं. १९९८ मध्ये याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा मणका ६० हजार वर्षांपेक्षाही जुना आहे. तोफा नाहीत, घोडे नाहीत, धातूही नाही, आणि माणूस या धुडाच्या मानेत भाला घालत होता. त्यामुळे 'आदिमानव एवढ्या मोठ्या प्राण्याच्या वाटेला जात नसेल' हे म्हणणं मागे पडलं. मात्र त्यानंतरही हजारो वर्षं हा प्राणी टिकून होता, हेही खरं. दक्षिण आफ्रिकेतून तो गेला तो साधारण १२ हजार ते १० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग संपून गवताळ रानं बदलत असताना.

उत्तर आफ्रिकेत तो आणखी काही हजार वर्षं राहिला. तिथे तिसरा संशयित येतो आणि तो सगळ्यात कमी चर्चेतला आहे: गाय.

सहाराच्या दगडांवर हे सरळ दिसतं. आधी मोठमोठे जंगली प्राणी, खोल रेषेत कोरलेले, काही तर जवळजवळ खऱ्या आकाराचे. मग गुरांचे कळप येतात. ठिपक्यांची, पांढरी, काळी गुरं, त्यांच्यामागे माणसं, गोठे, वासरं. लिबियातल्या टाकरकोरी इथे सापडलेल्या मडक्यांच्या खापरांमध्ये दुधाच्या स्निग्धांशाचे अंश मिळाले आहेत, तेही सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे लोक नुसती गुरं राखत नव्हते, दूध काढत होते. पाणवठे कमी होत चालले आणि उरलेल्या प्रत्येक पाणवठ्यावर राखणदारासकट कळप उभा. त्याच गवतावर, त्याच पाण्यावर जगणाऱ्या रानरेड्याने जायचं कुठे?

गुरं शेजारी आली की रानरेड्याचं काय होऊ शकतं, याचं एक फार अलीकडचं उदाहरण आहे. १८८७ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांडीची साथ पोचली. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आली आणि ती गुरं भारतातून आणली होती असं मानलं जातं. पुढच्या दहा वर्षांत ही साथ थेट दक्षिण टोकापर्यंत गेली. गुरं तर मेलीच, पण आजचा केप बफेलोही कित्येक भागांतून जवळजवळ साफ झाला. त्या प्राचीन रेड्याला बुळकांडीने मारलं असा कुठलाही पुरावा नाही. पण गुरं आणि रानरेडे यांचं शेजारपण किती महागात पडू शकतं, हे यातून कळतं.

तर हवामानाने रान आक्रसलं, माणसाने शिकार केली आणि गुरांनी उरलेलं गवत-पाणी घेतलं. यातल्या कशाचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. उत्तर आफ्रिकेत शेवटचा सिन्सेरस अँटिक्वस सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीपर्यंत असावा असं अनेकजण मानतात. तसं असेल तर मोहेंजोदडो भरात असताना हा प्राणी कुठेतरी चरत होता. दगडावर मात्र गुरांनंतर घोडा आला, साधारण ३ हजार वर्षांपूर्वी. आणि सगळ्यात शेवटी, सुमारे २ हजार वर्षांपूर्वी, तो उंट आला जो बार्थला त्या दरीतल्या चित्रांत दिसला नव्हता.

प्रत्येक चित्र म्हणजे फोटो नव्हे

इथवर वाचून कुणी म्हणेल की चित्रात दिसला म्हणजे प्राणी होताच. सोशल मीडियावर 'गुहेतल्या चित्रात डायनासोर' छाप पोस्ट याच जोरावर फिरतात. तिथे जरा थांबायला हवं. लिबियातल्या मेसाक पठारावर कुत्र्याचं तोंड असलेली माणसंही कोरलेली आहेत. तशी माणसं होती असं कुणी म्हणत नाही.

शिवथेरियमचा किस्सा यासाठी मस्त आहे. जिराफाच्या कुळातला हा धिप्पाड, फताड्या शिंगांचा प्राणी. १८३६ मध्ये फाल्कनर आणि कॉटली यांनी आपल्या शिवालिक टेकड्यांमधल्या जीवाश्मांवरून त्याचं वर्णन केलं आणि शंकराच्या नावावरून नाव ठेवलं. त्याचे भाऊबंद आफ्रिकेतही होते. सहारातल्या काही चित्रांमध्ये शिवथेरियम आहे असा दावा केला जातो. त्याला बळ मिळालं ते इराकमधल्या किश इथे सापडलेल्या एका प्राचीन धातूच्या कडीमुळे. रथाच्या लगामाच्या या कडीवर शिंगं असलेला एक विचित्र प्राणी आहे. १९३६ मध्ये एडविन कोलबर्ट या नामवंत जीवाश्मशास्त्रज्ञाने लिहिलं की हा शिवथेरियम असू शकतो, म्हणजे सुमेरियन लोकांनी तो जिवंत पाहिला असावा.

पुढे त्या कडीचे तुटलेले तुकडे संग्रहालयाच्या कोठारातच सापडले. तुकडे जोडले तेव्हा शिंगांना फाटे फुटले आणि शिवथेरियमचं झालं हरीण.

आफ्रिकेतले शिवथेरियमचे जीवाश्म या चित्रांच्या काळापेक्षा फार जुने आहेत. चित्राच्या काळातलं एकही हाड नाही. रेड्याच्या बाबतीत हाडं आहेत, काळ जुळतो, प्रदेश जुळतो, शिंगांचा बाक जुळतो. फरक एवढाच आहे, पण तोच महत्त्वाचा आहे.

आणि उलटं झालं तर?

समजा चित्र काढणाऱ्याने प्राणी जिवंत बघितलाच नसेल, पण त्याची हाडं बघितली असतील तर?

दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात सान लोकांनी रंगवलेला एक खडक आहे. त्यावर एक लांबुळका प्राणी आहे, ज्याचे सुळे खाली वळलेले आहेत. 'शिंगवाला सर्प' या नावाने ते चित्र ओळखलं जातं. आफ्रिकेत असा प्राणी नाही. वॉलरसशी थोडं साम्य आहे, पण वॉलरस राहतो उत्तर ध्रुवाकडे.

२०२४ मध्ये विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे ज्युलियन बेन्वा यांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक शक्यता मांडली. हा प्राणी म्हणजे डायसिनोडॉन्ट असावा. हे प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी त्याच भागात राहायचे, त्यांना खाली वळलेले सुळे होते आणि कारू खोऱ्यात त्यांच्या कवट्या जमिनीतून अगदी उघड्यावर येतात. सान लोकांना त्या दिसल्या असणार. रिचर्ड ओवेन यांनी डायसिनोडॉनला शास्त्रीय नाव दिलं १८४५ मध्ये. हे चित्र १८२१ ते १८३५ च्या दरम्यानचं आहे. म्हणजे बेन्वा यांचं म्हणणं बरोबर असेल तर लंडनमधल्या शास्त्रज्ञाआधी किमान दहा वर्षं सान चित्रकाराने हा प्राणी 'उभा' केला होता, नुसत्या हाडांवरून.

त्या भागातल्या सान लोकांच्या कथांमध्ये एके काळी तिथे अवाढव्य प्राणी राहायचे आणि ते आता संपले, असं येतं. बेन्वा यांच्या मते हे चित्र पाऊस आणण्याच्या विधीशी जोडलेलं असावं. हे गृहीतक आहे, शिक्कामोर्तब नाही. सुळे कुणी काल्पनिकही काढू शकतो.

सहारातल्या रेड्याची चित्रं मात्र तपासायला किती दिवस शिल्लक राहतील, हा वेगळाच प्रश्न आहे. २००९ मध्ये लिबियातल्या ताद्रार्त अकाकस इथल्या प्राचीन चित्रांवर स्प्रे पेंट मारण्यात आला. मेसाक पठारावर तेलाच्या शोधासाठी झालेल्या कामात कोरीव खडकांचं नुकसान झालं. २०१६ मध्ये युनेस्कोने लिबियातली पाचही जागतिक वारसा स्थळं धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकली. अकाकस त्यातलंच एक. देशातल्या यादवीमुळे संशोधकांचं तिथे जाणं वर्षानुवर्षं बंद पडलं होतं. कोरीव रेषांचं नेमकं वय काढण्याची खात्रीची पद्धत अजून हाती आलेली नाही. दगडात कोरताना मागे कोळसा किंवा रंग उरत नाही, त्यामुळे कार्बन चाचणी करायची तर कशाची, हा प्रश्न उरतो. कुणी सर्वांत जुन्या रेड्याचं वय १० हजार वर्षं सांगतं, कुणी ७ हजार. ते ठरवायला लागणारी पद्धत उद्या सापडली तर तिला तपासायला तो खडक जागेवर असावा लागेल.